कच लागते का?

माझ्या हातच्या मेथीच्या भाजीबद्दल माझ्या घरमालक काकांनी दिलेला पहिला अभिप्राय मला अजून जसाच्या तसा आठवतो. घास तोंडात घेऊन त्यांनी डोळे मिटले, पुढच्या दातांनी काहीतरी हलकेच चाचपलं, आणि म्हणाले, "मीडियम सिल्ट. वाळू अजिबात नाही. मीठ जरा कमी."

मी खजील झाले. भाजीत कच लागली की आपल्याकडे करणारीची अब्रूच जाते. नेदरलँड्समधल्या न्यूनेनसारख्या आडगावी मेथी मिळत नाही. आइंडहोवनच्या सुरिनामी दुकानातून आणावी लागते, तीही मुळांसकट, मातीसकट. मी ती नळाखाली धरून दोनदा झटकली होती, एवढंच काय ते धुणं. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर काकांनी आणखी भाजी वाढून घेतली. त्यांनी भाजीला नावं ठेवली नव्हती, तिचं वर्णन केलं होतं. हा फरक मला बऱ्याच उशिरा कळला, आणि कळला तोपर्यंत मी स्वतः दगड चावायला लागले होते.

काका मूळचे चंद्रपूरकडचे. वडील कोळशाच्या खाणीवर कारकून, त्यामुळे लहानपण खाणीच्या तोंडाशी गेलेलं. पुढे जिओलॉजी शिकून ते तेल शोधणाऱ्या एका कंपनीत लागले, कंपनीनं नेदरलँड्सला पाठवलं, आणि मग ते इथलेच झाले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा कॅनडात. न्यूनेनच्या एका अतिशय चिडीचूप गल्लीतलं विटांचं घर. खाली काका, वर भाडेकरू. मी आइंडहोवनला आयटीत नोकरी घेऊन पुण्याहून आले ती जानेवारीत, आणि मार्चमध्ये कोरोनामुळे सगळं बंद झालं. म्हणजे ज्या माणसाला मी जेमतेम "गुड मॉर्निंग काका" म्हणत होते, त्याच्यासोबत मी अचानक चोवीस तास एका छपराखाली आले.

सगळ्यात आधी मी त्यांना जे विचारलं तेच प्रत्येक जण विचारत असे. दगडांचा अभ्यास करणारा माणूस या देशात राहिला कशाला? इथे दगडच नाहीत. डोंगर नाही, खडक नाही, रस्त्यात ठेच लागेल असा धोंडा नाही. जिकडे पाहावं तिकडे चिखल आणि गवत.

"चिखल काहून म्हणता?" काका दुखावल्या स्वरात म्हणाले. "तो लहानपणचा सिल्टस्टोन आहे. मोठा होईल नं!"

सिल्टस्टोन हा काकांचा जीव की प्राण. वाळूहून बारीक आणि चिकणमातीहून जाड असा जो गाळ असतो त्याला सिल्ट म्हणतात, आणि तो दबून दबून घट्ट झाला की होतो सिल्टस्टोन, हे मला त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकावं लागलं की मी ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा ते बोलून जाईन अशी भीती वाटायची. दिसायला अगदी सामान्य, करडा, कुणाच्या डोळ्यांत न भरणारा. वाळूच्या दगडात तेल सापडतं म्हणून त्याचे लाड, चिकणमातीच्या दगडात जुन्या पानांचे ठसे मिळतात म्हणून त्याचं कौतुक. "आणि हा बिचारा मधला भाऊ," काका म्हणायचे. "थोरल्याचे जुने कपडे घालायचे आणि धाकट्यासाठी जागा सोडायची."

माणसांनासुद्धा ते याच मापानं मोजत. जो येतो, चटकन निर्णय घेतो आणि तळाशी जाऊन बसतो तो वाळू. जो पाणी गढूळ करून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत कशाचा काही पत्ता लागू देत नाही तो चिकणमाती. माझा मॅनेजर चिकणमाती होता. माझी आई व्हिडिओ कॉलवर त्यांच्याशी दोनच मिनिटं बोलली आणि वाळू ठरली. मी कोण, हे ते सांगत नसत. "तुम्ही अजून बसून राहिल्या," एवढंच म्हणत, म्हणजे माझा गाळ अजून खाली बसतोय. काका सगळ्यांना तुम्ही म्हणायचे, मला, पोस्टमनला, शेजारच्या कुत्र्यालासुद्धा. 'तू' फक्त दगडांना आणि एका माणसाला. त्या माणसाकडे येतेच.

किचनच्या ओट्यावर काचेच्या बरण्या रांगेनं मांडलेल्या असत, प्रत्येकीत गढूळ पाणी. नवी असताना मी सफाईच्या उत्साहात त्यातली एक उचलून सिंकमध्ये रिकामी करणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "ठेवा, ठेवा खाली! नदी बसून राहिली!" कुठल्या कुठल्या नद्यांचं पुराचं पाणी आणून, ढवळून, ते बसताना बघणं हा काकांचा टीव्ही होता. वाळू लगेच खाली जाते. सिल्टला वेळ लागतो. चिकणमाती तर मुक्कामालाच येते. त्यांच्या घरात वेळसुद्धा तसाच सांगितला जाई. "वाळू बसेस्तोवर येतो" म्हणजे आत्ता आलो. "सिल्ट बसली की चहा टाका" म्हणजे अर्धा-पाऊण तास.

आणि यातूनच त्यांचा एकमेव उपदेश आला होता, जो ते कशालाही लावत: ढवळू नका. भारतात जाणारी विमानं बंद झाली, माझ्या परमिटचं काय होणार ते कळेना, आईला ताप आला आणि ती सांगेना, मी जिन्यात बसून रडले. काका खालून म्हणाले, "ढवळू नका. बसू द्या. खाली बसलं की दिसते काय काय आहे ते." मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला. मग ते वर तीन पायऱ्या चढून आले, गुडघे धरून खाली बसले आणि आईचा ताप उतरल्याचा फोन येईपर्यंत तिथेच बसून राहिले. 

तर, दगड चावण्याबद्दल.

सिल्ट आणि चिकणमाती यांचे कण इतके बारीक असतात की डोळ्यांना, बोटांना, खिशातल्या भिंगालाही त्यातला फरक नीट कळत नाही. कळतो तो दातांना. जिओलॉजीची माणसं दगडाचा बारीक कपचा पुढच्या दातांत धरून हलकेच घासतात. कच लागली तर सिल्ट. लोण्यासारखा विरघळला तर चिकणमाती, म्हणजे क्लेस्टोन. मला हे सगळं खोटं वाटलं होतं, पण जगभरची शहाणी माणसं असंच करतात म्हणे. काका तर आयुष्यभर करत आले होते. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात काकूंच्या चवळीच्या भाजीला त्यांनी "फाईन सिल्ट, वेल सॉर्टेड" म्हटलं होतं, म्हणजे बारीक, एकसारखी कच, आणि काकूंनी ते कौतुक समजून सासूला सांगितलं होतं.

आईनं एकदा फोनवर विचारलं, "काय गं, तुझे ते काका घरात दिवसभर करतात तरी काय?"

"दगड खातात."

"अगं पण जग सॅनिटायझर लावतंय आणि हे दगड तोंडात घालतात? धुवायला सांग त्यांना!"

मुद्दा बिनतोड होता. मी काकांना सांगितलं. सॅनिटायझर लावलेला दगड त्यांना चालेना, म्हणे स्पिरिट जिभेवर राहतं. शेवटी तोडगा निघाला तो अस्सल मराठी घरातला: कुकर. डाळीच्या भांड्याच्या जागी दगडांचं भांडं ठेवलं आणि तीन शिट्ट्या दिल्या. झाकण काढलं तर सिल्टस्टोन ताठ मानेनं उभे होते, आणि एका कोवळ्या क्लेस्टोनचं मात्र चक्क वरण झालेलं. काकांनी डावानं ते हलवून बघितलं. ते रागावतील असं मला वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा एकदम खुलला होता. "पाहा नं," ते म्हणाले, "जिथून आला तिथेच गेला परत!" त्या कुकरमध्ये मी त्यानंतर वरणभात लावला नाही.

तर असं सगळं चाललेलं असताना मला एक विचित्र गोष्ट लक्षात आली. सगळा देश काहीतरी उघडण्याची वाट बघत होता. शाळा, कॅफे, न्हाव्याची दुकानं. काका एकटेच असे होते की जे काहीतरी बंद राहावं म्हणून देव पाण्यात घालून बसले होते, आणि ते म्हणजे डेंटिस्ट.

त्यांच्या तोंडात स्वतःचे असे चारच दात उरले होते. वरचे दोन, खालचे दोन, आणि नशिबानं ते समोरासमोर होते. बाकी जागा मोकळी. चारही हलत होते, हिरड्या सुजत होत्या, आणि डेंटिस्टनं ते काढून पूर्ण कवळी बसवायची तारीख दिली होती ती मार्चअखेरची. मग इमर्जन्सी सोडून सगळे दवाखाने बंद झाले. अपॉइंटमेंट रद्द झाल्याचा फोन आला त्या दिवशी काकांनी घरात श्रीखंड केलं. "गाल सुजलाय तुमचा, ही इमर्जन्सीच आहे," मी म्हटलं, तर म्हणाले, "कोण म्हणते? मी हसून राहिलो."

कवळीचं एवढं काय, असं मला वाटायचं. एक दिवस त्यांनीच सांगितलं. कवळी काही जाणवू देत नाही. तिला नसा नाहीत. तिच्याखाली वाळू काय, सिल्ट काय, बिस्किट काय, सगळं सारखं. आणि त्यांना दात जाण्याआधी एक दगड चावायचा होता. एकच.

त्यासाठी त्यांनी मला त्यांचं कपाट उघडून दाखवलं. लांबट, चपटे ड्रॉवर, प्रत्येकात कापसावर मांडलेले दगड, खाली लेबलं. सगळ्यात वरच्या ड्रॉवरमध्ये मधोमध एक चौकोन रिकामा होता. कापूस होता, दगड नव्हता, लेबलही नव्हतं. "हा त्याच्याजवळ आहे," काका म्हणाले.

तो म्हणजे त्यांचा डच मित्र. काका ज्याला 'तू' म्हणत तो हाच. दोघं एकाच दिवशी कंपनीच्या इथल्या ऑफिसात रुजू झाले. हा लिम्बुर्ख प्रांतातल्या खाणकामगाराचा मुलगा, ते चंद्रपूरच्या खाण-कारकुनाचे. कोळशाच्या धुळीत वाढलेले दोघं एका टेबलाशी आले आणि त्यांची जी जोडी जमली ती जमलीच. लिम्बुर्खमधल्या जमिनीच्या पोटातून काढलेल्या एका नमुन्यावर दोघं काम करत होते. त्यातल्या एका हातभर थराचा कपचा काकांनी चावला आणि म्हणाले, क्लेस्टोन. मित्रानं चावला आणि म्हणाला, सिल्टस्टोन. काका म्हणाले, तुझे दात बोथट आहेत. तो म्हणाला, तुझ्या जिभेवर मिरची आहे. आणि त्यानं तो दगड उचलून खिशात घातला, तो तीस-एक वर्षं परत दिला नाही. दर बुधवारी दुपारी दोघं भेटायचे आणि दर बुधवारी भांडायचे.

"लॅबमध्ये पाठवायचा ना," मी म्हटलं. "एका दिवसात कळलं असतं."

काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी त्यांच्या देवाला पाय लावला होता. "लॅबनं निकाल लागते," ते म्हणाले, "भांडण मिटत नाही."

खरी गोम मात्र वेगळीच होती, आणि ती त्यांनी दगडांकडे बघत, मला न सांगितल्यासारखी सांगितली. त्या दिवशी दगड चावण्याच्या आधी त्यांनी जेवणाच्या सुट्टीत पावावर हागेलस्लाख खाल्लं होतं. हागेलस्लाख म्हणजे चॉकलेटचा चुरा. इथली मोठी मोठी माणसं तो लोणी लावलेल्या पावावर पसरून खातात. "दातांवर चॉकलेट होतं," काका म्हणाले. "कच असती तरी त्या थरातून मला लागली असती का? तीस वर्षं झाली, मला माहीत नाही मी बरोबर आहे का." एवढा ताठ माणूस, पण हे बोलताना अगदी एवढासा झाला. मला त्यांची माया आली, आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी ठसका लागल्याचं नाटक केलं.

आता अडचण अशी, की मित्र होता वृद्धाश्रमात. घरापासून सायकलनं दहा-पंधरा मिनिटांवर. आणि वृद्धाश्रम बंद होता. भेटायला जाणाऱ्यांनी बागेत उभं राहायचं, काचेबाहेर, आणि आत फोन लावून बोलायचं. मी काकांसोबत जायला लागले, कारण ते सायकलवरून पडले तर हाडं मोडतील, आणि त्यात पुन्हा इमर्जन्सी म्हणून दात काढतील ही त्यांना धास्ती. मित्राची खोली तळमजल्यावर. मोठी काच, पडदा नाही. आत चाकाच्या खुर्चीत एक उंचच्या उंच म्हातारा, आणि त्याच्यापुढे खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर एक करडा दगड. काकांच्या नाकापासून वीतभर अंतरावर. मध्ये काच.

"दे," काका फोनवर म्हणायचे.

"नाही," मित्र म्हणायचा. "तू आधी कबूल कर."

दोघांचं इंग्रजी, मधेमधे डच, आणि काकांची एखादी चंद्रपुरी शिवी, जी त्या म्हाताऱ्याला पाठ होती.

मधल्या काळात काकांनी मला तयार करायला घेतलं. "तुमचे दात चांगले आहेत," ते म्हणाले. कुणाच्याही स्तुतीनं मला एवढं अवघडल्यासारखं झालं नव्हतं. ते दोन कपचे हातावर ठेवायचे, मी चावायचे, आणि मला दोन्ही सारखेच लागायचे. दगड ते दगडच की! मग एकदा ते म्हणाले, "दगड विसरा. होस्टेलच्या मेसमधला पालक आठवा." आणि झालं. एका कपच्यात तो पालक होता. तीच ती दातांखाली करकरणारी, अंगावर शहारा आणणारी कच. दुसऱ्यात नव्हती, तो साईसारखा पसरला. मी ओरडलेच. मला कोडिंगमध्ये इतकी वर्षं काढून असा आनंद झाला नव्हता. त्या दिवसापासून रोज ऑफिसचं काम आटोपलं की चहासोबत आम्ही दगड घ्यायचो, आणि मी सहसा चुकत नसे.

एप्रिल संपत आला आणि डेंटिस्ट उघडले. काकांना लगेच फोन आला, जवळचीच तारीख मिळाली. ते टाळू शकत होते, पण आता गाल खरंच सुजला होता, जेवण जात नव्हतं, आणि मुलानं कॅनडाहून फोनवर आवाज चढवला होता. त्याच सुमाराला वृद्धाश्रमातल्या नर्सनं आम्हाला बागेत बाजूला घेऊन सांगितलं की मित्र काही खात नाही. तिनं ते डच पद्धतीनं सांगितलं, म्हणजे काहीही आडपडदा न ठेवता: तो कंटाळलाय आणि आता फार दिवस काढेल असं वाटत नाही. काका तिला म्हणाले, "दगड बाहेर आणून देता का?" ती बघतच राहिली.

आतलं काही बाहेर द्यायचं नाही असा नियम होता. बाहेर जायचे ते फक्त धुवायचे कपडे. तेव्हा काकांच्या डेंटिस्टच्या आदल्या दिवशी तो तीस वर्षांचा कैदी एका लोकरी मोज्यात घालून, धुण्याच्या पिशवीतून बाहेर आला. मित्रानं तो कसा काय सोडला हे मला तेव्हा कळलं नाही. कदाचित त्यालाही आता निकाल हवा होता.

सकाळपासून काकांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मलाही घेऊ दिलं नव्हतं. "पाव तर नाहीच," त्यांनी बजावलं होतं. बागेत लख्ख ऊन होतं. काकांनी खिशातून छोटी हातोडी काढली आणि दगडाच्या कडेला टिचकी दिली. आतून मित्र फोनवर किंचाळला, "लहान! लहान तुकडा!" दोन कपचे निघाले. एक काकांनी घेतला, एक मला दिला. सेकंड ओपिनियन.

मी काचेतून आत बघितलं. तो म्हातारा गेल्या वेळेपेक्षा आणखी आक्रसला होता. शर्टाची कॉलर मानेपासून लांब उभी होती. पण डोळे मात्र काकांच्या तोंडावर लागलेले, परीक्षेच्या निकालाच्या बोर्डापुढे उभ्या राहिलेल्या पोरासारखे.

काकांनी कपचा दातांत धरला. डोळे मिटले. मीही मिटले.

कच नव्हती. मी पुन्हा घासून बघितलं, जिभेनं फिरवून पुन्हा. नाही. साय. निखळ, गुळगुळीत साय. काका तीस वर्षं बरोबर होते, हागेलस्लाखसकट बरोबर होते! मी आनंदानं त्यांच्याकडे वळले. त्यांचे डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडे नाही, आत बघत होते. त्यांना कळलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते इतकं स्पष्ट दिसत होतं की मला आता ते ओरडतील असं वाटलं.

ते ओरडलेच. "कच आहे!" फोन तोंडाशी धरून, सगळ्या बागेला ऐकू जाईल असे. "सिल्ट! सिल्टस्टोन! तू बरोबर होतास, मूर्खा!"

 मग त्या म्हाताऱ्यानं कानातलं मशीन नीट केलं. "पुन्हा म्हण," तो म्हणाला. काका पुन्हा म्हणाले. त्यानं आणखी एकदा म्हणायला लावलं. मग त्यानं अचानक माझ्याकडे बोट केलं. "आणि ही? हिला काय लागलं?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. माझ्या दातांवर अजून ती साय होती.

"मी आयटीतली आहे," मी म्हटलं. "मला काय कळतंय!"

तो म्हातारा हसायला लागला. हसता हसता त्यानं दोन्ही हात वर केले आणि काचेवर थाप मारली, तशी नर्स धावत आली. त्यानं तिला सांगितलं की मी तीस वर्षांची मॅच जिंकलोय, मला फ्लाय पाहिजे. फ्लाय म्हणजे त्यांच्या लिम्बुर्खचा फळं घातलेला पसरट केक. कुठूनशी आणली बिचारीनं. आम्ही निघालो तेव्हा तो काचेमागे चेरीची फ्लाय खात होता, आणि काका काचेबाहेर उभे राहून ती संपेपर्यंत बघत होते. दगड त्याच मोज्यातून आत गेला.

सायकली हातात धरून आम्ही चालत घरी आलो. रस्त्यात मी म्हटलं, "काका, कच नव्हती."

"तुम्ही आयटीतल्या," काका म्हणाले, आणि त्यांनी सायकल पुढे ढकलली. दुसऱ्या दिवशी त्यांचे चारही दात निघाले.

त्याच्या पुढची गंमत अशी की तो मेला नाही. चांगला खायला लागला. उन्हाळ्यात वृद्धाश्रमाची दारं उघडली, आणि काका दर बुधवारी आत जाऊन बसू लागले. नवी कवळी, नवा शर्ट, आणि समोर तो विजयी म्हातारा. नर्सला, स्वयंपाक्याला, शेजारच्या खोलीतल्या बहिऱ्या बाईला, येईल त्याला तो सांगायचा की हा माणूस तीस वर्षं चुकत होता, भारतातून एवढ्या लांब येऊन चुकत होता. काका खाली मान घालून ऐकून घ्यायचे. इतकी वर्षं बरोबर असलेला माणूस दर बुधवारी चूक होऊन घरी यायचा, आणि सायकल लावताना गुणगुणत असायचा. मला एकदा राहवलं नाही. "काका, खरं सांगून टाका ना आता! बरा झालाय तो."

"ढवळू नका," काका म्हणाले.

पानगळ सुरू झाली तेव्हा तो झोपेत गेला. अंत्यविधीला मोजक्याच खुर्च्या होत्या, एकमेकींपासून लांब लांब मांडलेल्या. त्यातली एक काकांची होती. काही दिवसांनी त्याची मुलगी दाराशी आली आणि तो दगड देऊन गेली. मोजा तोच.

काकांनी वरचा ड्रॉवर ओढला, कापूस फुगवून नीट केला आणि दगड त्याच्या जागी ठेवला. मग कोऱ्या लेबलाचा तुकडा आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. 

"काय लिहू?"

"तुम्ही चावला होता नं? जे लागलं ते लिहा."

"मी आयटीतली आहे, काका."

ते हसले नाहीत. "त्याच्यापुढे आयटीतल्या होत्या, ते लई चांगलं केलं तुम्ही. इथे नाही. त्याच्याशी मी बोललो, ते माझं अन् त्याचं. दगडाखाली खोटं लिहायचं नाही."

मी लिहिलं: क्लेस्टोन. काकांनी चष्मा लावून ते एकेक अक्षर वाचलं. ड्रॉवर हळूच आत ढकलला. मग ते खुर्चीत बसले, आणि कवळीमुळे अजून जरा बोबड्या आवाजात म्हणाले, "जिंकलो बा." आणि थोड्या वेळानं, "आता बुधवारी काय करू?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. मी त्यांच्यापासून दीड मीटर लांब बसायचं असतं हे विसरून शेजारी जाऊन बसले.  त्यांच्यासारखं नुसतं बसून राहायला मी त्या जिन्यात शिकले होते, तेवढं केलं.

बुधवारी मी ऑफिसमधून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. आइंडहोवनला जाऊन मेथी आणली, मुद्दाम एकदाच धुऊन भाजी केली, आणि दुपारी काकांचं ताट वाढलं. पहिला घास मी घेतला. डोळे मिटले, पुढच्या दातांनी चाचपलं. "कोर्स सिल्ट," मी म्हटलं.

काकांनी घास तोंडात घातला. त्या कवळीखाली त्यांना मेथी आणि बटाटासुद्धा वेगळे कळत नव्हते, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. ते बराच वेळ चघळत राहिले. मग त्यांनी चमचा खाली ठेवला.

"काहून?" ते म्हणाले. "फाईन आहे."

"कोर्स, काका."

"तुमचे दात बोथट झाले. फाईन!"

"तुमच्या जिभेवर मिरची आहे."

ते ताडकन माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांनी ताट पुढे ओढलं, आणखी भाजी वाढून घेतली, आणि मला चांगली सणसणीत चंद्रपुरी शिवी दिली. ती देताना ते मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाले. संध्याकाळपर्यंत आमचं भांडण चाललं, आणि मिटलं नाही.

पुढच्या बुधवारीही मी मेथी एकदाच धुतली.